कर्डक, वामन तबाजी : गीतांचा समीक्षकीय व व्यावसायिक स्वीकार

(१५ ऑगस्ट १९२२ – १५ मे २००४). आंबेडकरी परंपरेतील लोकशाहीर. ‘वामनदादा’ या नावाने सर्वत्र परिचित. जन्म नाशिक जिल्ह्याच्या सिन्नर तालुक्यातील देशवंडी या गावी, निधन नाशिक येथे. त्यांच्या गीतांना श्रोत्यांकडून, ग्रंथव्यवहाराकडून, मराठी समीक्षेकडून आणि ध्वनिमुद्रणाच्या बाजारपेठेकडून जो प्रतिसाद मिळाला, तेवढ्यापुरतीच ही नोंद मर्यादित आहे.

पूर्वपीठिका : सत्यशोधक जलशांनी तमाशाचा साचा घेऊन त्यातील मजकूर बदलण्याची जी वाट पाडली, तिच्यावरूनच आंबेडकरी जलसा पुढे चालला. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी नाशिकात सुरू झाला, त्याच्या आगेमागे या जिल्ह्यात भीमराव कर्डक यांच्यासारखे जलसाकार उदयास आले. (आडनाव एकच असले, तरी भीमराव आणि वामनदादा या दोन भिन्न व्यक्ती आहेत, संदर्भ देताना ही गफलत टाळावी.) आपल्या दहा भाषणांची बरोबरी शाहिराचा एक जलसा करतो, अशा आशयाचे उद्गार डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावे सांगितले जातात.

श्रोतृवर्ग : मुंबईत शिवडीच्या बी.डी.डी. चाळीत राहत असताना कोणी एकाने पत्र वाचून दाखवावयास सांगितले, ते वाचता आले नाही, त्या लज्जेने व्यथित होऊन वामनदादांनी देहलवी नावाच्या शिक्षकांकडून अक्षरओळख करून घेतली. आणि ३ मे १९४३ रोजी, एका हिंदी चित्रपटगीताच्या चालीवर विडंबनपर असे आपले पहिले गीत रचले. या प्रसंगातील चालीचा तपशील प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने पत्राच्या तपशिलाइतकाच महत्त्वाचा आहे. चाल श्रोत्यांच्या कानात आधीच रुजलेली असल्यामुळे शब्दांना निराळी वाट काढावी लागत नसे. वस्तीतील मुलालाही पहिल्याच रात्री ध्रुपद धरता येई, आणि दुसऱ्या दिवशी कामावर जाणाऱ्या माणसांच्या तोंडी ते गाणे असे.

या गीतांचा प्रसार गायन पार्ट्यांनी केला. चौदा एप्रिलच्या जयंतीला, बुद्ध पौर्णिमेला, लग्नाच्या आदल्या रात्री, कधी दोन पार्ट्यांच्या सवाल-जवाबाच्या मुकाबल्यात ती गायिली जात. गायक ती आपापल्या वहीत उतरवून घेत आणि एका वहीतून दुसऱ्या वहीत ती जात. अशा प्रवासात रचनाकाराचे नाव गळून पडण्याचे भय फार. त्यावरचा उपाय वामनदादांनी संतांच्या अभंगांत आणि गझलेच्या मक्त्यात शतकानुशतके चालत आलेल्या नाममुद्रेत शोधला. अखेरच्या कडव्यात ‘वामन’ हे नाव अशा रीतीने ओवलेले असते, की ते काढू जाता यमक आणि वजन दोन्ही ढासळतात. दप्तरी नोंद नाही, प्रकाशकाचा करारनामा नाही, अशा स्थितीत मालकीचा हा एकच दाखला गीताबरोबर गावोगाव फिरला, आणि तो मानला गेला. त्यांच्या रचनांची संख्या दहा हजारांच्या घरात सांगितली जाते. हा आकडा लोकमान्य आहे, मोजणीने सिद्ध झालेला नव्हे.

ग्रंथरूप : ‘वाटचाल’ (१९७३), ‘मोहळ’ (१९७६) आणि ‘हे गीत वामनाचे’ (१९७७) हे गीतसंग्रह, तसेच ‘माझ्या जीवनाचं गाणं’ (१९९६) हे आत्मपर लेखन. पहिल्या गीतानंतर तब्बल तीस वर्षांनी पहिला संग्रह निघाला, म्हणजे श्रोत्यांची एक अखंड पिढी छापील पानावाचून त्यांना ओळखत होती. तिसऱ्या संग्रहाचे शीर्षक तर नाममुद्रेचाच विस्तार आहे; जे आजवर शेवटच्या कडव्यात सांगितले जात होते, ते आता मुखपृष्ठावर आले.

समीक्षा : येथे कालानुक्रम काळजीपूर्वक पाहावा. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ हा काव्यसंग्रह १९७२ मध्ये आला, त्याच वर्षी दलित पँथरची स्थापना झाली; दया पवारांचे ‘बलुतं’ हे आत्मकथन १९७८ मध्ये आले. वामनदादांचे तिन्ही संग्रह या दोन ग्रंथांच्या दरम्यान प्रसिद्ध झाले, म्हणजे मराठी समीक्षेचे लक्ष दलित साहित्याकडे सर्वाधिक वेधले गेले होते, नेमक्या त्याच मुदतीत. तरीही मुक्तछंद आणि आत्मकथन या दोन प्रकारांभोवती जी गंभीर चर्चा जमली, तिच्या मानाने यमकबद्ध, गेय आणि उसन्या चालीच्या गीताच्या वाट्याला फार थोडी आली. प्रचारगीत म्हणून त्याची संभावना करणे सोपे होते. प्रस्तुत नोंदकर्त्याच्या मते ही संभावना अन्यायाची आहे : अल्पाक्षरी ओळ, बोलीतील शब्दाला वृत्तात अचूक बसविण्याचे कसब, आणि गझलेच्या बांधणीवरील हुकमत हे गुण केवळ प्रचाराच्या गरजेतून निपजत नाहीत. अभंगाची आणि लावणीची समीक्षा गायनासह करण्याची सवय ज्या वाङ्मयपरंपरेला आहे, तिने हाच न्याय भीमगीतालाही लावावयास हवा होता.

ध्वनिफिती आणि मोबदला : कॅसेटचे युग आले आणि भीमगीतांना प्रथमच मोठी बाजारपेठ लाभली. श्रावण यशवंते, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप या गायकांच्या आवाजाने आंबेडकरी गीत घरोघरी पोहोचले. नागपूरची दीक्षाभूमी आणि सहा डिसेंबरची दादरची चैत्यभूमी येथील दुकानांत पुस्तिका, प्रतिमा आणि पंचशील ध्वजांच्या शेजारी ध्वनिफितींच्या राशी लागू लागल्या. हा व्यापार मुख्यतः गायकाच्या नावावर चालत असे. गीतकाराचा हक्क बहुधा एकरकमी बिदागीवर मिटे, आणि पुढे किती प्रती खपल्या याचा जमाखर्च त्याच्यापर्यंत येत नसे. गीतकाराला स्वामित्वधनात वाटा देणारी कॉपीराइट कायद्यातील दुरुस्ती २०१२ साली झाली, तेव्हा वामनदादांच्या निधनाला आठ वर्षे लोटली होती. भारतीय कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क टिकतो. त्या हिशेबाने त्यांच्या प्रसिद्ध गीतांची मुदत २०६४ च्या अखेरीस संपेल.

सन्मान : वर्धा येथील पहिल्या अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद (१९९३).

नंतरची पिढी : १५ ऑगस्ट २०२२ रोजी जन्मशताब्दी पूर्ण झाली, तोवर शहरी वस्त्यांतील तरुणांच्या हाती रॅप हा नवा गीतप्रकार स्थिरावला होता. मुंबईचा रॅपर डिव्हाइन याचा ‘कोहिनूर’ (२०१९) हा अल्बम अमेरिकन रॅपर नॅझ यांच्याशी संबंधित मास अपील या कंपनीच्या भारतीय शाखेतर्फे निघाला. ‘गली बॉय’ चित्रपटातील ‘अपना टाइम आयेगा’ या गीतासाठी डिव्हाइन आणि अंकुर तिवारी यांना २०२० मध्ये गीतलेखनाचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. अशा अल्बमचा स्वीकार, तो किती वेळा ऐकला गेला, या आकड्यांनी दिवसागणिक नोंदला जातो. वामनदादांच्या गीतांची नोंद वह्यांत आणि कंठांत आहे. अमरावतीचा विपीन तातड आंबेडकरी आशयाचे, तर आदिवासी समाजातून आलेली ‘माही जी’ आपल्या माणसांच्या जगण्याचे रॅप मराठीत रचते, तेव्हा शाहिरीशी त्यांचे नाते जोडले जाणे स्वाभाविक आहे. आशयाचे साम्य तर उघडच आहे. रचनेचे साम्य अधिक विचारार्ह आहे. तयार तालावर शब्द बसविणे, प्रतिस्पर्ध्याला जाहीर सवाल टाकणे आणि गीतातच स्वतःचे नाव उच्चारणे, ही रॅपची तिन्ही लक्षणे गायन पार्टीच्या मुकाबल्यात बसलेल्या श्रोत्याला अपरिचित वाटली नसती.