विहिरीवरचे ऑइल इंजिन

बेळगाव शहरात किर्लोस्कर रोड नावाचा एक रस्ता आहे. ज्या घराण्याचे नाव त्याला लाभले, त्या घराण्याचा कारखाना मात्र त्या गावात राहिला नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म १८६९ मध्ये बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये अध्यापक असताना हक्काची बढती डावलली गेली, तेव्हा नोकरी सोडून ते बेळगावी आले. बंधू रामुअण्णांसमवेत आधी सायकलींचे दुकान, पुढे कडबा कापण्याची यंत्रे आणि १९०३ मध्ये लोखंडी नांगर, असा तो क्रम होता. लोखंडाने जमीन विषारी होते या समजुतीपायी पहिले नांगर बराच काळ पडून राहिले. पुढे धंद्याचा जम बसू लागला तोच नगरपालिकेच्या विस्तार योजनेसाठी कारखान्याची जागा सोडावी लागली. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळचा माळ देऊ केला आणि १९१० मध्ये तेथे किर्लोस्करवाडी वसली.

बेळगाव-निपाणीच्या विहिरींवर तेव्हा मोटेचेच राज्य होते. निपाणीची ख्याती तंबाखूची, आणि ते पीक बहुतांशी पावसाच्या ओलीवर येते. उसाची गोष्ट निराळी. चैत्र-वैशाखात पाण्याची एक पाळी चुकली तरी वर्षाचे कष्ट वाया जाण्याची भीती, आणि नेमक्या त्याच दिवसांत पाणी खोल गेलेले, बैल थकलेले असत. ही उणीव भरून काढणारे यंत्र दूर जर्मनीत जन्मले होते. रुडॉल्फ डिझेल यांना १८९३ मध्ये आपल्या कल्पनेचे पेटंट मिळाले. १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथील चाचणीत त्यांच्या इंजिनाने इंधनातील सुमारे २६ टक्के उष्णता कामी लावली. तत्कालीन वाफेच्या यंत्रांना याच्या निम्मेही साधत नसे. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात असेच एक इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखविण्यात आले होते! हे तंत्र महाराष्ट्रात रुजविण्याचा मान साताऱ्याच्या कूपर कारखान्याचा. तेथे १९३० नंतरच्या काही वर्षांत डिझेल इंजिने बनू लागली. १९४६ मध्ये लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव यांनी पुण्याजवळ खडकीला ऑइल इंजिनांचा स्वतंत्र कारखाना उभारला, आणि बेळगावातून उठलेले नाव विहिरीच्या काठाने पुन्हा बेळगाव मुलखात आले.

या इंजिनाचे मर्म एका वाक्यात सांगता येते: त्यात ठिणगी नाही. दट्ट्या खाली येताना सिलिंडरात निखळ हवा ओढली जाते. तो वर जाताना ती हवा मूळ आकारमानाच्या सुमारे सोळाव्या भागात दडपली जाते आणि केवळ दाबाने पाचशे अंश सेल्सियसच्या वर तापते. त्या क्षणी नोझलमधून डिझेलचा धुक्यासारखा फवारा उडतो, तो आपोआप पेटतो व दट्ट्याला खाली लोटतो. चौथ्या फेरीत जळका वायू बाहेर पडतो. मिनिटाला दीड हजार फेरे घेणाऱ्या इंजिनात हे ज्वलन साडेसातशे वेळा घडते.

दाब हाच प्राण असल्यामुळे दाबाचा शत्रू तो इंजिनाचा शत्रू. आणि हा शत्रू बहुधा साधी धूळ असते. हवेच्या गाळणीच्या वाटीतील तेल आटले किंवा चिखल झाले, की शेतातली माती सरळ सिलिंडरात जाते. रिंगा व भिंती झिजतात, हवा निसटते आणि मग कितीही हँडल मारले तरी इंजिन सुरू होत नाही. डिझेलमधील कचरा याहून घातक, कारण इंधन पंपाच्या दांड्याभोवतीची फट केसाच्या विसाव्या हिश्श्याएवढीही नसते. उघड्या डब्यातून, फडक्यानेही न गाळता ओतलेले डिझेल किती इंजिनांना भोवले असेल, कोण जाणे! टाकी कोरडी पडून नळीत हवा शिरली, तर पंप इंधनाऐवजी हवाच दाबत राहतो. अशा वेळी स्क्रू सैल करून बुडबुडे संपेपर्यंत डिझेल वाहू द्यावे लागते. तापलेल्या इंजिनावर घाईने गार पाणी ओतल्यास हेड तडकते. वंगणाचे तेल काळे पडल्यावरही त्यात नुसती भर घालीत राहणे ही काटकसर नव्हे.

अनुभवी मिस्त्री धुराडे पाहूनच निदान करी. काळा धूर म्हणजे हवा अपुरी किंवा भार जास्त. निळा म्हणजे वंगण जळते आहे. पांढरा म्हणजे इंधन नीट पेटत नाही किंवा आत पाणी शिरले आहे. अशा दुरुस्तीच्या अनुभवातून कोल्हापुरात सुटे भाग ओतण्याचा आणि पुढे सबंध इंजिने बनविण्याचा धंदा वाढला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी निपाणी व बेळगाव तत्कालीन म्हैसूर राज्यात गेले, तरी निपाणीला कोल्हापूर जवळचेच राहिले. पुढे विहिरींवर विजेच्या मोटारी आल्या आणि इंजिनांची धडधड विरळ झाली. जो कारखाना बेळगावला राखता आला नाही, त्याच्याच जातीचे काम आज तेथील उद्यमबागेत चालते. तिथल्या ओतशाळांतून यंत्रांचे सुटे भाग ओतून परगावी रवाना होतात.