नऊ आमदारांचा प्रदेश: चिमूर, गडचिरोली आणि दारूबंदीची मागणी



आजचा विषय साधा आहे. आपल्यातली शिकलेली माणसं, म्हणजे डॉक्टर, वकील, प्राध्यापक, एखादा प्रश्न घेऊन सत्तेच्या दारात गेली, तर त्यांचं ऐकलं कधी जातं आणि कधी नाही? उदाहरणं मी चंद्रपूर आणि गडचिरोलीची घेणार आहे.

आधी एक गणित बघा. चंद्रपूर जिल्ह्यातून विधानसभेवर सहा आमदार जातात: राजुरा, चंद्रपूर, बल्लारपूर, ब्रह्मपुरी, चिमूर आणि वरोरा. गडचिरोलीतून तीन: आरमोरी, गडचिरोली आणि अहेरी. म्हणजे २८८ पैकी नऊ. या नऊ जणांनी एकमताने हात वर केले तरी सरकारला काही फरक पडत नाही. त्यामुळे संख्येच्या जोरावर मागणी मान्य करून घेणं या भागाला कधीच परवडणारं नव्हतं. दुसरा काहीतरी जोर लागणार होता.

सुरुवात चिमूरपासून करू. ऑगस्ट १९४२ मध्ये चिमूरला उठाव झाला, आणि त्यानंतर लष्कराने आणि पोलिसांनी गावात जे केलं, विशेषतः स्त्रियांवर जे अत्याचार झाले, त्याच्या बातम्या छापायलाही बंदी होती. तेव्हा सेवाग्रामचे प्रा. भन्साळी दिल्लीला गेले. कोणाकडे? लोकनायक बापूजी अण्यांकडे. अणे तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य होते, आणि मूळचे वणीचे, म्हणजे चंद्रपूरला लागून असलेल्या मुलुखातले. भन्साळींचं म्हणणं एवढंच होतं की तुम्ही चिमूरला चला, डोळ्यांनी बघा, चौकशी लावा. अण्यांनी ते मानलं नाही, आणि भन्साळी त्यांच्याच घरी उपोषणाला बसले. पुढे पकडून त्यांना सेवाग्रामला परत पाठवलं, तरी उपोषण चालूच राहिलं. ते ६३ दिवस चाललं आणि जानेवारी १९४३ मध्ये सुटलं. बातम्यांवरचे निर्बंध सैल झाले, पण जी चौकशी हवी होती ती काही मिळाली नाही.

आता या प्रसंगात काय दिसतं? माणूस योग्य दार निवडून गेला होता, नैतिक बळ प्रचंड होतं. पण अण्यांना उत्तर द्यायचं होतं व्हाइसरॉयला, चिमूरच्या मतदाराला नाही. ज्याच्या खुर्चीची दोरी आपल्या हातात नाही त्याच्या दारात फक्त प्राण पणाला लावता येतात. भन्साळींनी ते लावले.

आता चार दशकं पुढे येऊ. २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. १९८६ मध्ये डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तिथे 'सर्च' ही संस्था सुरू केली. दोघंही डॉक्टर. राणीताईंनी गावातल्या स्त्रियांच्या आजारांचा अभ्यास केला, आणि त्याचे निष्कर्ष घेऊन दोघं पुन्हा बायकांमध्ये गेले. डॉक्टरांना वाटत होतं आपण आजारांबद्दल बोलू. बायका बोलायला लागल्या दारूबद्दल. आमचा खरा आजार तो, असा त्यांचा सूर होता.

इथे डॉक्टरांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. भाषण केलं नाही, हिशेब मांडला. जिल्ह्यात लोक दारूवर वर्षाला किती खर्च करतात? सुमारे २० कोटी रुपये. आणि जिल्ह्याच्या विकासासाठी सरकारची वार्षिक योजना किती? सुमारे १४ कोटी. हा एक आकडा आमदार, मंत्री, अधिकारी, कोणालाही एका वाक्यात सांगता येत होता, आणि खोडून काढणं अवघड होतं. १९८८ पासून गावोगावच्या बायका, तरुण, शिक्षक, संस्था दारूमुक्तीच्या नावाखाली एकत्र आल्या. ठराव झाले, गावातली दारू गावानेच थांबवली. पाच वर्षांनी, १९९३ मध्ये, सरकारने गडचिरोलीत दारूबंदी लागू केली. आकडा डॉक्टरांचा होता आणि त्याच्यामागे गाव उभं होतं. दोन्ही लागले.

मग शेजारच्या चंद्रपूरचं काय? तिथे कोळसा, सिमेंट, कामगार वस्त्या, आणि दारूची परवानाधारक दुकानं भरपूर. २०१० मध्ये 'श्रमिक एल्गार' या संघटनेने, अ‍ॅड. पारोमिता गोस्वामींच्या पुढाकाराने, जिल्हा दारूबंदीची मागणी लावून धरली. डिसेंबरात नागपूरला विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असतं. १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भाला दिलेल्या आश्वासनातून हे अधिवेशन आलं. आपण त्याची थट्टा करतो, हुरड्याचं अधिवेशन म्हणतो. पण विचार करा, मूल-सावलीच्या मजूर बाईला मुंबईचं विधानभवन परवडेल का? नागपूरला ती चालत जाऊ शकते. आणि गेली. डिसेंबर २०१० मध्ये हजारो बायका पायी नागपूरला निघाल्या, कुठून? चिमूरहून. १९४२ मध्ये ज्या गावच्या बायकांचं दुःख सांगायला एक माणूस दिल्लीला गेला होता, तिथून आता बायका स्वतः निघाल्या होत्या. आणि या वेळी समोरच्या माणसाला पाच वर्षांनी त्यांच्याच दारात मत मागायला यायचं होतं.

सरकारने पालकमंत्री संजय देवतळे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. आपल्याकडे समिती म्हणजे विषय थंड करण्याची जागा, असं आपण धरून चालतो. पण इथे समितीसमोर ठेवायला सामान तयार होतं: जिल्ह्यातल्या ८४७ ग्रामपंचायतींपैकी ५८८ चे ठराव. आमदाराच्या दृष्टीने बघा. मोर्चा येतो आणि जातो, त्यात माझ्या मतदारसंघातले किती होते हे सांगता येत नाही. ठरावावर मात्र गावाचं नाव असतं, सरपंचाची सही असते. माझ्याच गावांची यादी माझ्याच हातात. २०१२ मध्ये समितीने बंदीच्या बाजूने अहवाल दिला. तरी तीन वर्षं गेली. बायका मोर्चे काढत राहिल्या, सत्याग्रह करत राहिल्या. सरकार बदललं, बंदीची मागणी विधानसभेत लावून धरणारे बल्लारपूरचे आमदार सुधीर मुनगंटीवार अर्थमंत्री झाले, २० जानेवारी २०१५ ला मंत्रिमंडळाने निर्णय घेतला आणि १ एप्रिलपासून बंदी लागू झाली.

इथे गोष्ट संपली असती तर व्याख्यानाची गरज नव्हती. २७ मे २०२१ ला, दुसऱ्या सरकारच्या मंत्रिमंडळाने रमानाथ झा समितीच्या अहवालानंतर चंद्रपूरची बंदी उठवली. कारणं दिली गेली ती अवैध दारूची, वाढलेल्या गुन्ह्यांची, बुडालेल्या महसुलाची. बंदी चांगली की वाईट यावर प्रामाणिक मतभेद आहेत, आज त्यात मी शिरत नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. बंदी आणण्यासाठी पाच वर्षं लागली, उठवायला एक बैठक.

गडचिरोलीत मात्र बंदी टिकली. तिथेही ती उठवण्याची चर्चा झाली, तेव्हा शेकडो गावांनी बंदी राहावी म्हणून ठराव केले. हे एका रात्रीत झालेलं नव्हतं. २०१६ पासून 'मुक्तिपथ' या कार्यक्रमातून गावागावात काम चालू होतं, गावसंघटना जिवंत होत्या. एका जिल्ह्यात निर्णयानंतरही गावातली बैठक चालू होती. दुसऱ्यात, माझ्या मते, निर्णय झाला आणि पुष्कळांना वाटलं, जिंकलो, आता अंमलबजावणी पोलीस बघतील.

तेव्हा डॉक्टर असा, वकील असा, शिक्षक असा, आमदाराला भेटायला जाल तेव्हा तीन गोष्टी बघा. हातात एका वाक्यात सांगता येणारा हिशेब आहे का? त्या हिशेबामागे आमदाराच्याच गावांची नावं आहेत का? आणि तिसरी, जी आपण विसरतो: मागणी मान्य झाल्याच्या दुसऱ्या दिवशी बैठक ठरलेली आहे का?

तिसऱ्याचं उत्तर 'नाही' असेल, तर हार घालून फोटो काढण्याची घाई करू नका.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.