गिल सॅन्स इटॅलिक

गिल सॅन्स या रोमन लिपीतील टंकाचा तिरपा प्रकार. टोकांना आडव्या शेपट्या नसलेल्या अक्षरांच्या टंकाला सॅन्स-सेरिफ म्हणतात. ब्रिटिश शिल्पकार एरिक गिल (१८८२–१९४०) यांचा मूळ टंक मोनोटाइप कंपनीने १९२८ मध्ये आणला. एडवर्ड जॉन्स्टन यांनी लंडनच्या भुयारी रेल्वेसाठी आखलेल्या अक्षरांचा त्यावर ठसा आहे.

अनेक सॅन्स-सेरिफ टंकांत सरळ अक्षरेच कलती करून भागवतात. गिल यांनी काही अक्षरांची घडणच बदलली. लहान लिपीतील ‘ए’ सरळ टंकात दुमजली आहे, तिरप्यात एकमजली: हाताने लिहितात तसा एक गोल आणि उजवीकडे दांडी. ‘पी’च्या गोलाची रेघ दांडी ओलांडून डावीकडे किंचित डोकावते, बोरूच्या लिखाणाची ही खूण या टंकाचा खरा जीव आहे.

ग्रंथनामे, परभाषेतील शब्द आणि भर द्यायचा मजकूर यांसाठी असा टंक वापरतात. सबंध पान मात्र त्यात जुळवू नये, वाचताना डोळा थकतो. देवनागरीत तिरप्या अक्षरांची अशी जुनी परंपरा नाही. मराठी मुद्रणात ते काम बहुधा ठळक टंक आणि अवतरणचिन्हे करतात.