गर्भपाताच्या गोळ्या : नऊ आठवड्यांचा हिशेब नीट समजून घ्या

जऊळका (ता. मालेगाव) : नको असलेली गर्भधारणा लवकर लक्षात आली तर ती गोळ्यांनी संपवता येते. त्यासाठी मुदत आहे ९ आठवडे. मोजणी शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून करायची. घोळ होतो तो इथंच. पाळी आठवडाभर चुकली म्हणजे पाच आठवडे आधीच संपलेले असतात, हाती उरतात जेमतेम चार. त्यात जऊळक्याहून मालेगाव किंवा वाशीमला जायचं तर मजुरी बुडते, घरी सांगायची लाज वाटते आणि दिवस निघून जातात.

आधी मिफेप्रिस्टोन, एक-दोन दिवसांनी मिसोप्रोस्टॉल. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, वेळेत घेतल्यास शंभरात पंच्याण्णवहून जास्त जणींचा गर्भपात पूर्ण होतो. पोटात कळा येतात, पाळीपेक्षा जास्त रक्त जातं; ते होणारच. पण लागोपाठ दोन तास, तासाला दोन पॅड भिजले, ताप उतरेना किंवा चक्कर आली तर लगेच दवाखाना गाठावा. गर्भ नळीत असेल तर या गोळ्या चालत नाहीत, म्हणून आधी तपासणी हवीच. पंधरा दिवसांनी पुन्हा दाखवावं.

१९७१ च्या कायद्यानुसार १८ वर्षांवरील बाईची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची, सासूची सही लागत नाही. डॉक्टरांनी नाव गुप्त ठेवणं बंधनकारक आहे.

चिठ्ठीशिवाय मेडिकलवाल्यानं या गोळ्या द्यायच्या नसतात. चिठ्ठी असूनही अनेक ठिकाणी मिळत नाहीत, कारण लिंगनिदानविरोधी तपासण्यांच्या धाकानं दुकानदारांनी त्या ठेवणंच सोडलं. खरं तर नवव्या आठवड्यापर्यंत सोनोग्राफीत मुलगा की मुलगी दिसतच नाही.