हीट पंपाचं वीजबिल: एक जुना हिशेब

थंड देशांत राहणारी आपली मुलं आता विचारतात, ‘घरात हीट पंप बसवला तर वीजबिल किती येईल?’ प्रश्न आजचा वाटतो, पण त्याचं मूळ शोधायला आपल्याला १८५२ सालात जावं लागतं. त्या वर्षी विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी दाखवलं की उष्णतेचं इंजिन उलटं चालवलं तर इमारती गरम करता येतात, आणि तेही इंधन थेट जाळण्यापेक्षा कमी खर्चात.

हे कसं? आपला फ्रिज बघा. आतली उष्णता तो मागच्या बाजूने बाहेर टाकतो. हीट पंप बाहेरच्या गार हवेतली उष्णता घरात आणतो. वीज इथे फक्त हमाली करते. एका युनिटाच्या हमालीत साधारण तीन युनिट उष्णता घरात येते. मात्र चढ वाढला की हमाली वाढते. बाहेर शून्य अंश असताना पाणी ३५ अंशांवर नेणं स्वस्त, ५५ वर नेणं महाग.

मग हे यंत्र इतकी वर्षं मागे का राहिलं? कारण कोळसा स्वस्त होता. झुरिकच्या नगरभवनात १९३८च्या सुमारास लिम्मात नदीच्या पाण्यातून उष्णता घेणारा पंप चालू झाला, तो उगाच नाही. स्वित्झर्लंडकडे कोळसा जवळजवळ नव्हता, जलविद्युत मात्र होती. पुढे १९७३च्या तेलसंकटानंतर स्वीडन याच वाटेने गेला.

आता साधा हिशेब करू. घराला वर्षाला १२,००० युनिट उष्णता लागते असं धरा. तिपटीच्या हिशेबाने वीज लागेल ४,००० युनिट. ९० टक्के कार्यक्षम बॉयलरला गॅस लागेल सुमारे १३,३०० युनिट. म्हणजे विजेचा दर गॅसच्या सव्वातीनपटीपर्यंत असेल तर पंप परवडतो. ब्रिटनमध्ये अलीकडे तो जवळपास चौपट राहिला, कारण सरकारी धोरणांचे आकार गॅसपेक्षा विजेवर जास्त लादले गेले.

तेव्हा बिलाचा एक भाग निसर्गनियम ठरवतो, त्यावर आपलं काही चालत नाही. दुसरा भाग माणसं ठरवतात. भांडायचंच असेल तर आपण त्या दुसऱ्या भागाशी भांडावं.