संगणकाचा आरंभपट आपल्या लिपीत

संगणकाची कळ दाबल्यापासून कामाचा पडदा उघडेपर्यंत जी चित्रे आणि अक्षरे क्रमाने दिसतात, त्यांना आरंभपट म्हणता येईल. व्यवहारात त्याला बूट स्क्रीन म्हणतात. ग्नू-लिनक्ससारख्या मुक्त प्रणालीत हा पट वापरणाऱ्याला स्वतः बदलता येतो. मात्र त्यावर मराठी लिहू पाहणाऱ्यास एक अडचण हमखास येते, आणि तिचा उलगडा सहसा कोणी करून देत नाही.

तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्यात उटनूर येथे हा प्रश्न अधिकच गुंतागुंतीचा होतो. या परिसरात तेलुगू, मराठी, गोंडी आणि कोलामी या भाषा शेजारी-शेजारी नांदतात. निजामाच्या राजवटीत, १९४३ च्या सुमारास, मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्युरर-हाइमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने मार्लवाई येथे गोंड शिक्षणाचे केंद्र उभे राहिले. तेव्हाची गोंडी वाचनपुस्तके देवनागरीत छापली गेली, कारण या भागात मराठीचा वावर मोठा होता. पुढे याच जिल्ह्यातील नारनूर मंडलातल्या गुंजाला गावी गोंडीची स्वतंत्र लिपी असलेली जुनी हस्तलिखिते प्रकाशात आली. ‘गुंजाला गोंडी’ या नावाने ती लिपी २०१८ साली युनिकोडच्या ११ व्या आवृत्तीत समाविष्ट झाली. तेव्हा येथील एखाद्या शाळेच्या संगणकाने मुलांचे स्वागत कोणत्या अक्षरांत करावे, हा केवळ सजावटीचा प्रश्न उरत नाही.

आरंभपटाचे थर निरनिराळे आहेत. सर्वांत आधी निर्मात्याचे बोधचिन्ह दिसते; ते मदरबोर्डवरील फर्मवेअरमध्ये असते. त्यास हात न लावणेच शहाणपणाचे, कारण फर्मवेअर बिघडल्यास यंत्र सुरूच होत नाही. त्यानंतर ‘ग्रब’ हा कार्यक्रम कोणती प्रणाली सुरू करावी याची यादी दाखवतो. त्यापुढे ‘प्लायमाउथ’ प्रणाली चालू होत असतानाचे चित्र दाखवतो. हे शेवटचे दोन थर आपल्या हातातले.

अडचण ग्रबमध्ये आहे. देवनागरी लिहिताना अक्षरे नुसती एकापुढे एक मांडून भागत नाही. ‘शिक्षण’ या शब्दात ऱ्हस्व वेलांटी उच्चारात नंतर येते, पण कागदावर ‘श’च्या आधी बसते, ‘क’ आणि ‘ष’ मिळून तिसरेच रूप घेतात. ही जुळणी करणारी यंत्रणा प्रणाली पूर्ण सुरू झाल्यावर उपलब्ध असते. ग्रबमध्ये ती नाही. देवनागरीसारख्या लिप्यांची जुळणी होत नाही, हे ग्रबच्या माहितीपुस्तिकेतही नमूद आहे. म्हणून यादीतील नावे मराठीत लिहिली तर चिन्हे दिसतील, शब्द जुळतीलच असे नाही. गुंजाला गोंडीलाही मात्रा आणि जोडाक्षरे असल्याने तिचीही गत हीच.

यावर उपाय साधा आहे : मजकूर अक्षररूपाने न देता चित्ररूपाने द्यावा. ‘गिम्प’ किंवा ‘इंकस्केप’ या मुक्त साधनांत पडद्याच्या मापाचे चित्र तयार करून त्यात शाळेचे वा वाचनालयाचे नाव लिहावे. तेथे देवनागरी नीट जुळते. गुंजाला लिपीसाठी ‘नोटो सान्स गुंजाला गोंडी’ हा विनामूल्य टंक मिळतो. कळफलक नसल्यास ‘कॅरॅक्टर मॅप’मधून एकेक अक्षर उचलून घ्यावे. काम चिकाटीचे आहे, पण चार शब्दांपुरतेच. चित्राचे लांबी-रुंदीचे प्रमाण पडद्याशी जुळलेले असावे, अन्यथा अक्षरे ताणली जातात. पीएनजी स्वरूपात जतन करताना ‘इंटरलेसिंग’ची आणि जेपेग असल्यास ‘प्रोग्रेसिव्ह’ची खूण काढून टाकावी, अशी चित्रे ग्रब वाचू शकत नाही आणि पडदा काळाच राहतो.

डेबियन व उबुंटू या प्रणालींत हे चित्र ‘बूट’ फोल्डरमधील ‘ग्रब’ या उपफोल्डरमध्ये ठेवावे आणि प्रशासकाच्या अधिकाराने ‘अपडेट-ग्रब’ ही आज्ञा द्यावी. आज्ञा अर्थातच रोमन लहान अक्षरांत टंकायची. चित्र स्वतःच्या ‘होम’ फोल्डरमध्ये ठेवू नये. तो भाग कूटबद्ध असेल तर त्या क्षणी ग्रबला तो वाचता येत नाही. संगणकावर एकच प्रणाली असल्यास उबुंटू ही यादी लपवते. नव्या यंत्रांवर सुरुवातीलाच ‘एस्केप’ आणि जुन्यांवर ‘शिफ्ट’ दाबल्यास ती दिसते.

यादीतील नावे रोमनमध्येच राहतात, हे खटकते खरे. पण ग्रबच्या ‘थीम’मध्ये प्रत्येक नावाशेजारी छोटे चित्र ठेवण्याची सोय आहे. रोमन न वाचणाऱ्या मुलासाठी तेथे ओळखीची खूण देता येते.

प्लायमाउथचे काम अधिक मनाजोगे होते, कारण तेथे चित्र हेच मुख्य साधन असते. उबुंटूत ‘स्पिनर’ या थीमच्या फोल्डरमध्ये ‘वॉटरमार्क’ नावाचे चित्र असते. त्याच नावाने आपले चित्र ठेवले की ते पडद्यावर येते. मात्र त्यानंतर ‘अपडेट-इनिटरॅमएफएस’ ही आज्ञा ‘-यू’ या जोडणीसह द्यावीच लागते. सुरुवातीला लागणाऱ्या फायली एका वेगळ्या गठ्ठ्यात बांधलेल्या असतात आणि तो नव्याने बांधल्याशिवाय जुनेच चित्र दिसत राहते. ‘बदल केला, पण काही झाले नाही’ या तक्रारीमागे बहुधा हेच कारण असते.

‘ग्रब कस्टमायझर’ हे खिडक्या-बटणांचे साधन अनेकांना सोयीचे वाटते. ते मूळ रचनेत बरेच फेरफार करत असल्याने पुढे निस्तरणे अवघड जाते. केवळ चित्र बदलण्यासाठी त्याची गरज नाही. मूळ चित्राची आणि ‘ईटीसी’तील ‘डिफॉल्ट’ फोल्डरमधल्या ‘ग्रब’ फायलीची प्रत आधी काढून ठेवावी, आणि प्रणाली थेट चालवता येईल असा पेनड्राइव्ह जवळ असावा. प्रयोगशाळेत अनेक संगणक असतील तर प्रथम एकावर बदल करून तो दोन-तीनदा बंद-चालू करून पाहावा, मगच इतरांकडे वळावे.