चलच्चित्रांचा गृहप्रवेश

एखादी वस्तु नित्याच्या परिचयाची झाली म्हणजे तिच्याविषयींचें आश्चर्य ओसरतें, आणि आश्चर्य ओसरलें म्हणजे तिच्या इतिहासाकडेहि आपलें लक्ष जात नाहीं. आजच्या मध्यम स्थितींतील घरांत रात्रीं जेवणें आटोपल्यावर कोणी तरी हातांतील टॅब्लेटवर एखादा चित्रपट शोधतें, कांचेच्या कोपऱ्यांतील एका लहानशा चिन्हावर बोट ठेवतें, आणि तोच चित्रपट समोरच्या टेलिव्हिजनवर सुरू होतो. मध्यें तार नाहीं, फीत नाहीं, तबकडी नाहीं. घरांतील आठ वर्षांचें मूलहि हें सहज करतें. परंतु एवढेंसें कृत्य शक्य होण्यास सव्वाशें वर्षांहून अधिक काळ लागला आहे, आणि त्या काळाचा इतिहास केवळ यंत्रांचा इतिहास नाहीं असें आमचें म्हणणें आहे. चित्र कोठें पाहावें, केव्हां पाहावें आणि कोणतें पाहावें, हें ठरविण्याचा अधिकार कोणाकडे असावा, याचाहि तो इतिहास आहे. हा अधिकार क्रमाक्रमानें प्रेक्षकाच्या घरीं कसा आला, आणि तो पूर्णपणें आला आहे काय, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें योजिलें आहे.

प्रारंभीं मनुष्यास चित्राकडे जावें लागे. पॅरिस येथें १८९५ च्या डिसेंबरांत ल्यूमिएर बंधूंनीं आपलीं चलच्चित्रें पैसे घेऊन लोकांस दाखविलीं, आणि त्यानंतर सात महिन्यांच्या आंतच, ७ जुलै १८९६ रोजीं, त्यांचा खेळ मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत झाला. प्रवेशाचा दर एक रुपया होता, आणि त्या काळीं रुपया ही कांहीं लहान रक्कम नव्हती. पुढें ३ मे १९१३ रोजीं दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफ थिएटरांत लागला. या युगांत स्थळ, वेळ आणि चित्र हीं तिन्ही थिएटरच्या चालकाच्या हातीं होतीं. तिकीट काढावें किंवा काढूं नये, एवढेंच काय तें प्रेक्षकाच्या हातीं. मात्र या पराधीनतेच्या पोटीं एक मोठा लाभहि होता. चित्रपट हा अनोळखी माणसांच्या शेजारीं बसून पाहावयाचा असे. शेकडों माणसें एकाच वेळीं हंसत आणि एकाच वेळीं डोळे पुसत. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण पुढें तिचें प्रयोजन पडणार आहे.

दूरवर चित्र पाठविण्याची कल्पना ल्यूमिएर बंधूंच्या खेळाहूनहि जुनी आहे. जर्मनींतील पॉल निपको यानें १८८४ सालीं छिद्रें पाडलेल्या फिरत्या तबकडीची योजना मांडली. चित्राचे ओळीओळीनें तुकडे करावयाचे आणि पलीकडे ते त्याच क्रमानें पुन्हां जुळवावयाचे, अशी ती युक्ति होती. याच तत्त्वावर जॉन लोगी बेअर्ड या स्कॉटिश संशोधकानें २६ जानेवारी १९२६ रोजीं लंडनमध्यें रॉयल इन्स्टिट्यूशनच्या सभासदांस हलतें चित्र दाखविलें. त्यांत अवघ्या ३० ओळी होत्या. दहा वर्षांनीं, २ नोव्हेंबर १९३६ रोजीं, बी.बी.सी.नें अलेक्झांड्रा पॅलेसमधून नियमित प्रक्षेपण सुरू केलें; परंतु तेथें मार्कोनी-ई.एम.आय. कंपनीच्या ४०५ ओळींच्या पद्धतीपुढें बेअर्डची २४० ओळींची पद्धति टिकली नाहीं, आणि थोड्याच महिन्यांत ती सोडून द्यावी लागली.

भारतांत टेलिव्हिजनचें प्रायोगिक केंद्र १५ सप्टेंबर १९५९ रोजीं दिल्लीस निघालें. मुंबईस तें यावयास २ ऑक्टोबर १९७२ हा दिवस उजाडावा लागला. चाळींतील ज्या बिऱ्हाडीं हें यंत्र असे त्या बिऱ्हाडीं संध्याकाळीं सारा मजला लोटे, आणि यजमानीणबाई कुरकुरत कां होईना, पण सतरंज्या अंथरीत. येथें तीन अधिकारांपैकीं एक घरीं आला: स्थळ आतां आपलें झालें. वेळ आणि चित्र हीं मात्र थिएटरच्या चालकाकडून निघालीं तीं सरकारी केंद्राकडे गेलीं. १९८७ व १९८८ या सालीं रविवारीं सकाळीं ‘रामायण’ मालिका चालू असतां गांवोगांवचे रस्ते कसे ओस पडत, हें पाहिलेलीं माणसें आज पुष्कळ आहेत. एका केंद्रानें वेळ ठरवावी आणि सबंध देशानें ती पाळावी, असा तो प्रकार होता.

या सत्तेस पहिला धक्का दोन साध्या उपकरणांनीं दिला. त्यांपैकीं एक रिमोट. अमेरिकेंतील झेनिथ कंपनीनें १९५० सालीं काढलेला रिमोट तारेनें जोडलेला असे, आणि ती तार येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांत येई. १९५५ सालीं याच कंपनींतील यूजीन पोली यानें प्रकाशाच्या झोतानें चालणारा बिनतारी रिमोट तयार केला. पण खिडकींतून येणारें ऊनहि यंत्रास आज्ञेप्रमाणेंच भासे आणि कार्यक्रम आपोआप बदले! पुढच्याच वर्षीं रॉबर्ट ॲडलर यानें माणसाच्या कानास ऐकूं न येणाऱ्या ध्वनीचा उपयोग करून ही अडचण दूर केली. दुसरें उपकरण व्हिडिओ-रेकॉर्डर. सोनी कंपनीचें बीटामॅक्स १९७५ सालीं आणि जे.व्ही.सी. कंपनीचें व्ही.एच.एस. १९७६ सालीं निघालें. प्रक्षेपणाच्या वेळीं कार्यक्रम फितीवर उतरवून घ्यावा आणि सवडीनें पाहावा, ही सोय चित्रपटसंस्थांस इतकी झोंबली कीं युनिव्हर्सल आणि डिस्ने या संस्थांनीं सोनीवर खटला भरला. तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १७ जानेवारी १९८४ रोजीं पांच विरुद्ध चार अशा मतांनीं न्यायालयानें निकाल दिला कीं, स्वतःच्या सोयीच्या वेळीं पाहण्याकरितां घरीं प्रत उतरवून घेणें हा गुन्हा नव्हे. एका न्यायाधीशाच्या मतानें दुसरा अधिकार घरीं आला: वेळहि आतां आपली झाली.

आतां घरांतल्या घरांत बिनतारी चित्र पाठविण्याकडे वळूं. या विद्येशीं भारतीयांचा संबंध जुना आहे. आचार्य जगदीशचंद्र बोस यांनीं १८९५ सालीं कलकत्त्यास अदृश्य विद्युल्लहरी भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखविली होती. त्यांच्या प्रयोगांतील लहरींची लांबी मिलिमीटरांत मोजण्याइतकी अल्प होती. आजच्या वाय-फायच्या लहरी सुमारें १२ सेंटिमीटर अथवा त्याच्या निम्म्यानें लांब असतात, म्हणजे त्याच कुळांतील. परंतु विज्ञान तयार असून भागत नाहीं, कायदाहि अनुकूल असावा लागतो. अमेरिकेच्या दळणवळण आयोगानें १९८५ सालीं औद्योगिक आणि वैद्यकीय उपकरणांसाठीं ठेवलेले लहरींचे कांहीं पट्टे परवान्यावांचून संदेशवहनास मोकळे केले. भारतांत २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ सालीं असाच मोकळा झाला. रेडिओसाठीं पोस्टांत जाऊन दरसाल परवाना काढण्याची पद्धति ज्यांस आठवते, त्यांस या मोकळीकीचें मोल सांगावयास नको.

तरीहि एक अडचण उरलीच. उत्तम प्रतीच्या एका चित्रांत १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० बिंदु असतात. प्रत्येक बिंदूचा रंग सांगण्यास शून्य किंवा एक असे २४ अंक लागतात, आणि चित्रपटांत दर सेकंदास २४ चित्रें सरकतात. गुणाकार केला तर सेकंदास सुमारें ११९ कोटि अंक होतात. उलटपक्षीं वाय-फायच्या १९९७ च्या पहिल्या प्रमाणाची शक्ति सेकंदास २० लाख अंकांची, आणि १९९९ च्या सुधारलेल्या प्रमाणाची १ कोटि १० लाखांची होती. घागरभर पाणी गडूंत कसें मावावें? याचें उत्तर गणितज्ञांनीं दिलें. एका चित्रांतून दुसऱ्या चित्रांत जातांना फार थोडा भाग बदलतो. मागची भिंत तीच, झाड तेंच, पात्राचे ओठ तेवढे हलतात. मग न बदललेला भाग पुन्हां कशास पाठवावा? वाण्याच्या वहींत ‘मागील पानावरून पुढें’ असें लिहून जसें काम भागतें तसेंच हें आहे. २००३ सालीं निश्चित झालेल्या एच.२६४ या पद्धतीनें हीच युक्ति इतकी पक्व केली कीं, ११९ कोटि अंकांच्या जागीं सुमारें ५० लाख अंकांत डोळ्यांस रुचेल असें चित्र मिळूं लागलें.

अशी सिद्धता झाल्यावर एप्रिल १९१० नंतर बरोबर शंभर वर्षांनीं, म्हणजे एप्रिल २०१० मध्यें, ॲपल कंपनीचें आयपॅड विक्रीस आलें. टॅब्लेट या शब्दाचा अर्थच पाटी. आणि ही कांचेची पाटी शाळकरी पाटीप्रमाणेंच एका वेळीं एकाच्याच मांडीवर मावे. तिसरा अधिकार आतां घरीं आला, कारण आंतरजालावरील भांडारांतून कोणतें चित्र घ्यावें हें पाहणारा ठरवूं लागला. परंतु या तिन्ही अधिकारांच्या प्राप्तीबरोबर जें गेलें तेंहि उघड आहे. वडील एका खोलींत, मुलगी दुसऱ्या खोलींत, आजी देवघराच्या दाराशीं. प्रत्येकाच्या हातीं स्वतंत्र पाटी आणि कानांत स्वतंत्र आवाज. वॉटसन हॉटेलांत अनोळखी माणसें जें एकत्र पाहत, तें आतां सख्खीं माणसें वेगवेगळें पाहूं लागलीं.

म्हणूनच पुढची घटना आम्हांस विशेष अर्थपूर्ण वाटते. आयपॅड निघाल्याच्याच वर्षीं, नोव्हेंबर २०१० मध्यें, त्यावरील चित्र टेलिव्हिजनकडे बिनतारी धाडणारी एअरप्ले ही सोय ॲपलला द्यावी लागली. सप्टेंबर २०१२ मध्यें वाय-फायच्या संघटनेनें मिराकास्ट हें प्रमाण जाहीर केलें. जुलै २०१३ मध्यें गूगल कंपनीनें ३५ डॉलरांस क्रोमकास्ट विकावयास काढला, आणि डिसेंबर २०१४ मध्यें तो भारतांत २,९९९ रुपयांस मिळूं लागला. हातांतील चित्र लहान होतें हें याचें एक कारण खरें. पण एकट्यास तें लहान नव्हतें. शेजारीं दुसरें माणूस येऊन बसलें म्हणजे तें अपुरें पडे. ‘हें तुम्हीहि पाहा’ असें म्हणण्याची इच्छा मनुष्याच्या ठायीं होती, म्हणून पाटीवरील चित्र पुन्हां भिंतीकडे गेलें.

येथें एका भेदाकडे लक्ष वेधणें अगत्याचें आहे. मिराकास्टच्या पद्धतींत टॅब्लेट खरोखरच आपलें चित्र अंकांत गुंडाळून टेलिव्हिजनकडे पाठवितें. दोन यंत्रांचा तो परस्पर व्यवहार असतो आणि त्यांत तिसऱ्याचें काम नसतें. क्रोमकास्टच्या नेहमींच्या पद्धतींत मात्र टॅब्लेट चित्र पाठवीतच नाहीं. अमुक चित्रपट अमुक ठिकाणाहून आण, एवढीच आज्ञा तें देतें. टेलिव्हिजनला जोडलेला क्रोमकास्ट मग दूरच्या भांडाराशीं स्वतः संधान बांधून चित्रपट आणतो. डोळ्यांस दोन्ही प्रकार सारखेच दिसतात, परंतु दुसऱ्या प्रकारांत आपल्या हातीं असतो तो वस्तुतः पोली आणि ॲडलर यांच्या रिमोटचाच वंशज. चित्रपट आपल्या हातून गेला असें वाटतें, पण तो आपल्या हातीं आलेलाच नसतो.

हा भेद केवळ तांत्रिक नव्हे, याचे दाखले अलीकडच्या काळांतच मिळतात. एप्रिल २०१९ मध्यें नेटफ्लिक्स या संस्थेनें आपले चित्रपट एअरप्लेनें टेलिव्हिजनवर धाडण्याची सोय काढून घेतली. घरांतील टॅब्लेट तेंच, टेलिव्हिजन तोच, वर्गणीहि तीच. पण काल जें घडत होतें तें आज घडेना. क्रोमकास्टचें उत्पादन गूगलनें २०२४ च्या ऑगस्टांत थांबविलें. आणि मार्च २०२५ मध्यें तर जगभर विखुरलेले दुसऱ्या पिढीचे क्रोमकास्ट एकाएकीं निकामी झाले. त्यांपैकीं एकहि मोडला नव्हता. त्यांची ओळख पटविणाऱ्या एका अंकात्मक प्रमाणपत्राची दहा वर्षांची मुदत संपली होती. कांहीं दिवसांत कंपनीनें दुरुस्ती केली हें खरें, परंतु तेवढे दिवस धडधाकट यंत्र मालकाच्या घरीं मुकें बसून होतें. फितीचें असें नसे. फीत झिजे, तिला बुरशी लागे, शेजारी ती नेऊन परत देत नसत. पण परगांवच्या कोणाच्या मुदतीमुळें ती थांबली असें झालें नाहीं.

कोणी म्हणेल कीं, ही तक्रार कृतघ्नपणाची आहे. एका फितीच्या किंमतींत आज महिनाभर शेंकडों चित्रपट मिळतात, मग मालकी हवी कशास? हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाहीं. सार्वजनिक वाचनालयाचीं पुस्तकें आपलीं नसतात, तरी वाचनालयानें आपल्या समाजावर केलेले उपकार अमोल आहेत. पण वाचनालयाची वर्गणी भरणारा सुज्ञ मनुष्य ज्ञानेश्वरीची एक प्रत घरींहि ठेवतो. उसनें आणलेलें आणि आपलें यांतील फरक त्यास ठाऊक असतो, आणि तेवढा फरक चित्रपटांच्या बाबतींतहि आपणांस ठाऊक असावा इतकेंच आमचें मागणें आहे. जो चित्रपट मुलांनातवंडांस दाखवावा असें वाटतें, त्याची एखादी तबकडी अथवा रीतसर विकत घेतलेली प्रत कपाटांत असणें गैर नाहीं. आणि नवें यंत्र घेतांना तें एकाच कंपनीच्या मर्जीवर चालतें कीं सर्वांस मोकळ्या असलेल्या प्रमाणावर चालतें, हेंहि दुकानदारास विचारावें. १९८४ सालचा निकाल अमेरिकेंतील गृहस्थांच्या पदरीं पडला, कारण एक कंपनी आपल्या ग्राहकांच्या सोयीसाठीं सात वर्षांहून अधिक काळ न्यायालयांत भांडली. आजच्या ग्राहकानें निदान प्रश्न तरी विचारावा.

एकंदरींत पाहतां स्थळ आणि वेळ हे दोन अधिकार आपल्या घरीं कायमचे आले आहेत, असें म्हणण्यास हरकत नाहीं. कोणतें चित्र पाहावें हा तिसरा अधिकार मात्र अद्याप दूरच्या भांडारवाल्यांच्या संमतीनें चालतो, आणि ती संमति त्यांस वाटेल तेव्हां परत घेतां येते. यांखेरीज चवथीहि एक गोष्ट आहे, ती म्हणजे कोणाबरोबर पाहावें ही. ती ठरविण्यास कोणत्याहि कंपनीची अनुज्ञा लागत नाहीं. आजींना देवघराच्या दारांतून हांक मारून त्यांच्यासाठीं खुर्ची पुढें ओढली म्हणजे झालें.